चिमणी-बुलबुलांसाठी अंड्याच्या टरफलांची भरड: ठाणे, नवी मुंबईतल्या बाल्कनीत कशी करायची आणि कुठे ठेवायची

कोंबडीच्या एका अंड्याचं टरफल वाळल्यावर पाच-सहा ग्रॅम भरतं आणि त्यातलं जवळजवळ ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असतं. चिमणीच्या अंड्याचं कवच दीडशे-दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे सकाळच्या ऑम्लेटचं एक टरफल चिमणीच्या पंचवीसेक अंड्यांना पुरतं. हा हिशेब आधी डोक्यात बसवून घ्या. नवखी माणसं चुकतात ती बहुतेकदा जास्तच घालून: ताटभर टरफलं, मोठाले तुकडे, रोज नवी भर. मग मुंग्या येतात, कावळे येतात, खालच्या मजल्यावरच्या काकूही येतात.

पक्ष्यांना ही गरज पडते कशामुळे, ते थोडक्यात. चिमणीचं वजन पंचवीस ग्रॅमच्या आतबाहेर आणि ती घालते चार-पाच अंडी, दिवसाला एक. अंडं बहुधा पहाटे बाहेर येतं, त्यामुळे कवच चढण्याचं काम आदल्या रात्री चालतं. एवढ्या लहान पक्ष्याच्या हाडांत कॅल्शियमचा मोठा साठा मावत नाही. रोजचं त्याच दिवशी मिळवावं लागतं. दाण्यांत ते नसल्यात जमा, अळ्या-किड्यांतही थोडंच. मग मादी गोगलगायींच्या शंखांचे तुकडे, वाणी-पैशासारखे चुनखडी कवचाचे प्राणी, माती, वाळू, भिंतीचा गिलावा असं काहीबाही टोचत फिरते. नेदरलँड्समध्ये १९८० च्या दशकात वल्गुलीच्या जातकुळीतल्या ग्रेट टिट पक्ष्यांची अंडी पातळ कवचाची निघू लागली, काही तर कवचाविनाच. आम्लधर्मी पावसाने जमिनीतलं कॅल्शियम धुऊन गेलं, गोगलगायी कमी झाल्या आणि त्याचा फटका थेट घरट्याला बसला. पक्ष्यांना कॅल्शियम पुरवल्यावर अंडी सुधारली.

पिल्लांचंही तेच. चिमणीचं पिल्लू दोन आठवड्यांच्या आसपास घरट्याबाहेर पडतं, म्हणजे तेवढ्यात त्याची सगळी हाडं उभी राहायची असतात. मऊ अळ्यांतून प्रथिनं भरपूर मिळतात, कॅल्शियम नाही. म्हणून आईबाप अळीबरोबर मधूनच एखादा शंखाचा किंवा टरफलाचा तुकडा नेऊन पिल्लाच्या चोचीत घालतात. किती आणि कधी ते त्यांना कळतं. तुमचं काम माल त्यांच्या वाटेवर ठेवण्यापुरतंच आहे. पिल्लाच्या तोंडापर्यंत तुम्ही जायचं नाही.

कधी सुरू करायचं

आपल्याकडे विणीचा हंगाम एकच एक नसतो. शिंजीर आणि लालबुड्या बुलबुल फेब्रुवारीतच कामाला लागतात. दयाळ आणि साळुंकी मार्च-एप्रिलपासून. शिंपी उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत. सुगरण आणि ठिपकेवाली मुनिया यांचा खरा जोर पावसाळ्यात, जेव्हा खारघर-उलव्याकडच्या मोकळ्या जागांत गवत डोक्याएवढं वाढतं. चिमणी तर जवळजवळ वर्षभर केव्हाही घरटं करते, पण उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळ्यात जास्त.

भरडीची ताटली सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती फेब्रुवारी ते मे. या काळात जमीन कोरडी ठणठणीत असते, गोगलगायी दिसत नाहीत आणि सोसायटीच्या आवारात तर पेव्हर ब्लॉकखाली मातीही शिल्लक नसते. जूनमध्ये पाऊस लागला की आफ्रिकन गोगलगायी कुंड्यांवर, कंपाउंडच्या भिंतींवर हजर होतात, त्यांचे रिकामे शंख आवारात पडून राहतात आणि पक्ष्यांची सोय परस्पर होते. पावसाळ्यात ताटलीकडे कुणी फिरकलं नाही तर काही बिघडलेलं नाही. एक मात्र नक्की बघा: सोसायटीचा माळी गोगलगायींसाठी विषारी गोळ्या टाकत असेल तर आधी ते थांबवा. विष खाल्लेली गोगलगाय दयाळाने किंवा भारद्वाजाने खाल्ली, तर तुमची भरड काय कामाची?

टरफलं गोळा करणं

अंडं फोडलं की टरफल तिथेच, नळाखाली, आतून बोट फिरवून धुवायचं. पांढऱ्या बलकाचा चिकट थर राहिला तर पुढे सगळ्या तक्रारी त्यातूनच उगवतात. उकडलेल्या अंड्याचं टरफलही चालतं. पाण्यात मीठ घातलं असेल तर दोनदा धुवा. पांढरं, तपकिरी, गावठी, बदकाचं, काहीही घ्या. रंगाने कॅल्शियममध्ये फरक पडत नाही. पॅकबंद अंड्यांवर शाईचा शिक्का असतो, तेवढा तुकडा मोडून टाका.

आतला पातळ पापुद्रा काढायचा का? थंड-कोरड्या हवेत नाही काढला तरी भागतं. आपल्याकडच्या दमट हवेत मात्र काढलेला बरा, कारण बुरशी पहिल्यांदा तिथेच धरते. टरफलं दहा मिनिटं कोमट पाण्यात बुडवा आणि मोडलेल्या कडेकडून अंगठ्याने सोलत जा, निघतो. सगळा नाही निघाला तरी हरकत नाही.

धुतलेली टरफलं स्टीलच्या ताटात पालथी घालून खिडकीत वाळवा. दहा-बारा जमली की एक घाणा पुरे. चार माणसांच्या घरात आठवड्याभरात एवढी सहज जमतात. ओली टरफलं झाकणाच्या डब्यात साठवू नका, दुसऱ्या दिवशी झाकण उघडवणार नाही.

तापवणं: ही पायरी कधीच गाळू नका

कच्च्या टरफलावर साल्मोनेला जंतू असू शकतात. चिमण्यांना त्याची लागण होते, आणि एका ताटलीवर दहा पक्षी आले तर ती दहांत पसरते. नुसतं उन्हात वाळवणं म्हणजे जंतू मारणं नव्हे. तीन रीती आहेत.

कुकर ही आपल्या घरांतली सगळ्यात भरवशाची रीत. घरगुती कुकरच्या आत पूर्ण दाबाला तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. तळाला दोन पेले पाणी, त्यावर जाळी, जाळीवर कुकरचा डबा, डब्यात कोरडी टरफलं, वर ताटली नुसती टेकवलेली. डब्यात पाणी घालायचं नाही. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून वीस मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. टरफलं कुकरच्या पाण्यात सुटी टाकण्याचा मोह होईल, पण तसं करू नका: उकळीबरोबर बारीक तुकडे वर येतात आणि शिट्टीच्या भोकात अडकू शकतात. तो धोका टरफलांचा राहत नाही, तुमचा होतो.

ओटीजी असेल तर आधी १२० अंशांवर दहा मिनिटं तापवा, मग ट्रेमध्ये टरफलं एका थरात पसरून वीस मिनिटं ठेवा. छोट्या ओटीजींचा काटा बऱ्याचदा खोटं बोलतो, म्हणून पाच मिनिटं जास्त दिलेली चालतात. पापुद्रा राहिला असेल तर केस जळल्यासारखा वास येतो. एक्झॉस्ट लावा आणि पाहुणे यायच्या दिवशी हा कार्यक्रम ठेवू नका. टरफलं काळी पडली तर आच जास्त झाली. मायक्रोवेव्ह या कामाचा नाही, त्यात कोरडी टरफलं सगळीकडून सारखी तापत नाहीत.

दोन्ही जमत नसेल तर पातेल्यात खळखळत्या पाण्यात पूर्ण दहा मिनिटं उकळा. ही रीत चालते, पण नंतर वाळवायचं काम वाढतं. तव्यावर भाजणं सोडून द्या: खालची करपतात, वरची तशीच राहतात.

तापवल्यावर पुन्हा वाळवायचं. एप्रिलच्या उन्हात दोन तास पुरे, जुलैत रात्रभर पंख्याखाली. बोटांनी दाबल्यावर कडकन मोडलं पाहिजे. लवलं तर अजून ओलं आहे.

भरड

मिक्सर लावू नका. मिक्सरमधून पीठ निघतं आणि पीठ पक्ष्याला चोचीत धरता येत नाही. वाऱ्याने उडून ते त्याच्या नाकात जातं, दमट हवेत ताटलीला सिमेंटसारखं चिकटतं. झाकण उघडताना तुमच्याही नाकात जातं ते वेगळंच.

जुन्या सुती कापडात टरफलं गुंडाळा आणि वरून लाटणं फिरवा. खलबत्ता असेल तर चार-पाच हलके ठोके. मोहरीच्या दाण्यापासून साबुदाण्याएवढे, म्हणजे दोन ते चार मिलिमीटरचे तुकडे हवेत. चिमणी, मुनिया, शिंपी यांना मोहरीएवढा तुकडा सोयीचा. बुलबुल, दयाळ, साळुंकी साबुदाण्याएवढा उचलतात. तुरीच्या डाळीपेक्षा मोठा तुकडा ठेवू नका. मग रव्याच्या चाळणीतून चाळा. खाली पडलेली पूड कुंड्यांत टाका, वर राहिलेली भरड पक्ष्यांची. एका टरफलाची साधारण दीड-दोन चहाचे चमचे भरड होते.

तुकड्यांच्या कडा टोकदार दिसतात, घशात लागणार नाहीत का, ही शंका रास्त आहे. टरफल जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून कमी जाडीचं असतं आणि एवढे लहान तुकडे पक्ष्याच्या जठरातलं आम्ल विरघळवतं, पेषणी (पोटातली दळणारी स्नायूंची पिशवी) दळते. शंखाचे याहून टणक तुकडे ते सहज पचवतात. बारीक करण्यामागे आणखी एक कारण आहे. अर्धं टरफल अंड्यासारखं दिसतं. कावळ्यासारख्या हुशार पक्ष्याला 'इथे अंडी मिळतात' असं शिकवून तुमचा काहीच फायदा नाही.

पूर्ण कोरडी भरड घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत दोन महिने छान राहते. श्रावणात ज्यांच्या घरी अंडी बंद होतात त्यांनी आषाढातच एक बरणी भरून ठेवावी. आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात कच्च्या मालाचा तुटवडा कुठल्याच घरात नसतो.

जागा: निम्मं यश इथे ठरतं

पहिला नियम अंतराचा. घरटं जिथे आहे तिथे, किंवा त्याखाली, भरड ठेवायची नाही. निदान पाच-सहा मीटर लांब. पिल्लू बाहेर पडलं की बरेच पक्षी स्वतःच्या अंड्यांची फुटकी टरफलं उचलून दूर नेऊन टाकतात, ते काही टापटिपीसाठी नव्हे. टरफलाचा आतला पांढरा रंग लांबून चमकतो आणि शिकाऱ्याला पत्ता देतो. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी काळ्या डोक्याच्या कुरव पक्ष्यांवर हे प्रयोग करून १९६२ मध्ये प्रसिद्ध केलं: अंड्याशेजारी फुटकं टरफल ठेवलं की कावळ्या-कुरवांना ते अंडं जास्त सापडत होतं. जी गोष्ट आई जिवाच्या आकांताने घरट्यापासून दूर नेते, तीच आपण प्रेमाने जवळ नेऊन ठेवायची नसते. एसीच्या बाहेरच्या युनिटमागे साळुंकीचं घरटं आहे आणि भरड त्याच ग्रिलमध्ये, असं अनेक घरांत होतं. ताटली दुसऱ्या खोलीच्या खिडकीत हलवा. पक्ष्याला पाच मीटर म्हणजे काहीच नाही.

ताटली कुंडीखाली ठेवतात तशी मातीची, सहा-आठ इंच रुंद, काठ इंचभर. प्लास्टिकची हलकी ताटली घोडबंदरच्या किंवा पाम बीचच्या उंच इमारतींवर मे महिन्याच्या वाऱ्यात उडते, आणि बाराव्या मजल्यावरून खाली पडलेली ताटली हा वेगळाच विषय होतो. मातीची ताटलीही ग्रिलच्या पट्टीला तारेने बांधा. खाली कुंडीचा मोठा ट्रे ठेवलात तर उडालेले तुकडे खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जात नाहीत. सोसायटीतली निम्मी भांडणं या ट्रेने मिटतात.

वर छप्पर हवं: खिडकीचा छज्जा किंवा पत्र्याची शेड. जवळ, दोन-तीन मीटरवर, झुडूप किंवा वेल असावी म्हणजे घाबरला तर पक्षी तिथे शिरतो. अगदी चिकटून झाड नको. मांजर दबा धरून बसतं. नेरूळ-वाशीच्या सिडकोच्या बैठ्या घरांत आणि नौपाड्यातल्या जुन्या वाड्यांच्या परसात मांजरं हीच मुख्य अडचण. तिथे ताटली जमिनीपासून दीड मीटर उंच खांबावर ठेवा, झाडाच्या फांदीवर नको. दयाळ आणि साळुंकी जमिनीवर चरणारे असले तरी उंचावर येतात.

मोठ्या काचेच्या खिडक्या असतील तर ताटली काचेला अगदी लागून, मीटरभराच्या आत ठेवा. इतक्या जवळून उडताना पक्ष्याला वेग येत नाही, त्यामुळे धडकला तरी जीव वाचतो.

बाल्कनीला कबुतरजाळी असेल तर भरड आत ठेवू नका आणि जाळीला भोकही पाडू नका. त्या भोकातून आत आलेलं कबुतर बाहेर जाऊ शकत नाही. अशा वेळी सोसायटीच्या बागेतला एखादा कोपरा मागून घ्या. कमिटीला सांगताना 'पक्ष्यांना खाणं घालतो' असं सांगू नका. २०२५ मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून जे रण पेटलं त्यानंतर हे शब्द ऐकताच सेक्रेटरी हात जोडतात. 'रोज एक चमचा कॅल्शियम, दाणा अजिबात नाही' असं सांगा. तेच खरंही आहे. अंडं न चालणारी सोसायटी असेल तर वाद घालू नका, आपल्या खिडकीपुरतं ठेवा किंवा बागेत आधीच पडलेले गोगलगायींचे रिकामे शंख वापरा.

रोजचं प्रमाण आणि वेळ

बाल्कनीला रोज एक चहाचा चमचा, बंगल्याच्या बागेला दोन. त्याहून जास्त कशालाच लागत नाही. संपत नसेल तर अर्धा करा.

वेळ दुपारी चार ते सहा. कवच रात्री चढतं, म्हणून अंडी घालणारी मादी कॅल्शियम शोधते ते मुख्यतः दुपारनंतर. सकाळी ठेवलं तर चालत नाही असं नाही, पण एकदाच ठेवणार असाल तर संध्याकाळ निवडा. दोन दिवसांत न संपलेली भरड फेकून द्या. तिच्यावर नवी भर घालू नका. ताटली आठवड्यातून एकदा गरम साबणाच्या पाण्याने घासून कडक उन्हात वाळवा, पावसाळ्यात दोनदा. पाण्याचं भांडं शेजारी नको, निदान दोन मीटर लांब ठेवा. पाण्याच्या काठावर बसलेले पक्षी विष्ठा टाकतात आणि ती ताटलीत पडते.

पहिल्या आठवड्यात कुणी येणार नाही. दुसऱ्यातही कदाचित नाही. पक्ष्यांना पांढरे तुकडे दिसावेत म्हणून ताटलीत आधी सुकी लाल माती अर्धा इंच पसरा आणि त्यावर भरड शिंपडा. गडद मातीवर पांढरे कण चटकन नजरेत भरतात. वर चार दाणे बाजरीचे टाकावेत असं कुणी सुचवेल. टाकू नका. चार दाण्यांना चाळीस कबुतरं येतात आणि मग बुलबुल त्या बाजूला फिरकत नाही.

काय बिघडतं आणि कशामुळे

मुंग्यांची रांग लागली तर धुण्यात कसूर झाली आहे, बलक राहिला आहे. खडूची रेघ ओढून भागणार नाही. तो घाणा टाकून द्या, पुढचा नीट धुवा.

वास किंवा करडे-हिरवे ठिपके म्हणजे बुरशी. पापुद्रा राहिला, किंवा वाळलं नाही, किंवा तिरक्या पावसाने भिजलं. पावसाळ्यात अर्धाच चमचा ठेवा.

कावळे ताटलीवर बसू लागले तर हे हसण्यावारी नेऊ नका. टरफल खाल्ल्याचं काही नाही, पण कावळा एका जागी रोज येऊ लागला की आजूबाजूची घरटी हेरतो. बुलबुलाची अंडी-पिल्लं तो सहज उचलतो. आठवडाभर ताटली उचला. परत ठेवताना तुकडे मोहरीएवढेच करा आणि ताटलीवर चार सेंटिमीटर भोकांच्या जाळीचा पिंजरा पालथा घाला. चिमणी-मुनिया आत शिरतात, कावळा आणि कबुतर बाहेर राहतात. त्या बदल्यात बुलबुल-साळुंकीही बाहेर राहतात, हे धरून चला. आणि गच्चीच्या ज्या कठड्यावर शेजारी कावळ्याला रोज घास ठेवतात, किंवा पितृपक्षात पानं मांडतात, त्याच्या जवळपास ताटली ठेवूच नका.

कबुतरं दाण्यावाचून सहसा ठाण मांडत नाहीत. तरी बसू लागली तर वरच्या-खालच्या मजल्यावर कुणी दाणा टाकतंय का ते बघा. बहुधा टाकत असतं. त्यांच्या सुकलेल्या विष्ठेची धूळ दमेकऱ्यांच्या फुप्फुसांना घातक असते, म्हणून ताटलीवर विष्ठा दिसली तर मास्क लावून, आधी पाणी शिंपडून, मगच पुसा.

एखादा पक्षी पिसं फुगवून, डोळे मिटून ताटलीजवळ बसून राहिला, किंवा चोचीभोवती, डोळ्याभोवती फोड दिसले, तर ताटली त्याच दिवशी उचला आणि दोन आठवडे ठेवू नका. बर्ड फ्लूची बातमी आली तरी तेच करायचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात कोंबड्यांमध्ये साथ आली होती, त्यामुळे 'ते तिकडे लांब' असं समजायचं कारण नाही. अशा दिवसांत मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका.

कुणीच येत नाही, महिना झाला? मग त्या पक्ष्यांना कॅल्शियम दुसरीकडून मिळतंय. जवळ बांधकाम चालू असेल तर वाळूच्या ढिगाकडे संध्याकाळी पाच वाजता नजर टाका, चिमण्या तिथे सापडतील.

चुना, शिंपले, समुद्रफेस

'चुनाही कॅल्शियमच की' असं म्हणून पानाचा चुना ताटलीत ठेवणारे आहेत. तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड असतो, तोंड भाजतो. पक्ष्याच्या जिभेला आणि अन्ननलिकेला इजा होते. अजिबात नको. माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्याही नकोत, त्यांत रंग, साखर, जीवनसत्त्वांचं प्रमाण असं काहीही असतं.

तिसऱ्यांचे शिंपले चालतात, पण ते फुटता फुटत नाहीत आणि तुकडे खरोखरच धारदार निघतात. खाडीकाठी पडलेले शिंपले मात्र आणू नका. ठाणे खाडीत कारखान्यांचं सांडपाणी किती वर्षं चाललंय ते सगळ्यांना माहीत आहे. समुद्रफेस, म्हणजे माकुलाच्या जातीच्या समुद्री प्राण्याचं पाठीतलं पांढरं कवच, पक्ष्यांच्या दुकानांत 'कटल बोन' म्हणून मिळतं. ते तारेने ग्रिलला अडकवून ठेवता येतं, वास नाही, मुंग्या नाहीत. मोकळे पक्षी त्याकडे उशिरा वळतात, एवढाच तोटा.

घरट्यातली आणि खाली पडलेली पिल्लं

पिल्लाला भरड भरवायची नाही. पाण्यात कालवून नाही, ड्रॉपरने नाही, भातात मिसळून नाही. पूड श्वासनलिकेत गेली की पिल्लू जागीच मरतं. दूध-पाव हा तर आपल्याकडचा जुना रोग आहे: पक्ष्याला दूध पचत नाही आणि पावात कॅल्शियम नाही, आठ दिवसांत पाय वाकडे होतात.

पिसं आलेलं, शेपूट आखूड, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू खाली दिसलं तर ते बहुधा पडलेलं नसतं, उडायला शिकत असतं. मांजरापासून दूर, जवळच्या झुडपात ठेवा आणि लांब व्हा. आईबाप तासाभरात येतात. उघडंवाघडं, डोळे मिटलेलं पिल्लू असेल तर घरटं शोधून अलगद परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकते, ही समजूत चुकीची आहे. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. घरटं हलवणं किंवा अंडी काढणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरतो, मग ते तुमच्या गीझरच्या पाइपात का असेना. पंधरा-वीस दिवस थांबा, पिल्लं उडाली की पाइप तुमचाच.

पिल्लांना आईबाप भरवणार ते किडे, अळ्या आणि कोळी. कॅल्शियम त्यांच्या जोडीला लागतं, त्यांच्या जागी नाही. बाल्कनीत लिंबाचं किंवा कढीपत्त्याचं एक झाड ठेवा, त्यावरच्या फुलपाखरांच्या अळ्यांवर औषध मारू नका, आणि पानं कुरतडलेली दिसली तर दिसू द्या. सकाळचं ऊनही ताटलीइतकंच महत्त्वाचं आहे: अंगावर ऊन पडल्याशिवाय पक्ष्याच्या शरीरात ड जीवनसत्त्व बनत नाही आणि त्यावाचून पोटात गेलेलं कॅल्शियम हाडापर्यंत पोचत नाही.

सप्टेंबरअखेर मुनियांची पिल्लं उडाली, सुगरणींची घरटी रिकामी लोंबू लागली की ताटली उचलायला हरकत नाही. खिडकीत चिमणीचं घरटं चालू असेल तर तेवढ्यासाठी अर्धा चमचा चालू ठेवा. बरणीत उरलेली भरड कुंड्यांत मिसळून टाका आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात नवा घाणा लावा.